नवा व्हिडिओ फॉरमॅट घरात रुजेल का? गेम कन्सोलवरून अंदाज बांधण्याची रीत

चित्रपटांच्या डिस्कचा नवा प्रकार बाजारात आला, की आताच खरेदी सुरू करावी की थांबावे, हा प्रश्न संग्राहकापुढे उभा राहतो. जुने चित्रपट दुरुस्त करून नव्याने काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाला तर तो अधिकच जाचतो, कारण त्याचे भांडवल त्यात अडकणार असते. अशा वेळी गेम कन्सोलकडे पाहून अंदाज बांधण्याची पद्धत डीव्हीडीच्या काळापासून रूढ झाली आहे. पद्धत योग्य आहे, परंतु बहुतेक जण कन्सोलच्या खपाचा आकडा पाहतात आणि तिथेच थांबतात. निन्टेन्डोचा वी हा कन्सोल १० कोटींहून अधिक खपला आणि त्यात डिस्क ड्राइव्हही होता. तरीसुद्धा त्यावर डीव्हीडी चित्रपट पाहण्याची सोय कंपनीने दिली नव्हती, त्यामुळे चित्रपटांच्या बाजारापुरता तो प्रचंड आकडा शून्याच्या बरोबरीचा ठरला.

खपाच्या आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तो ड्राइव्ह कन्सोलमध्ये मुळात कशासाठी बसवला आहे, ही पहिली. घरी आणलेल्या खोक्यापासून पहिला चित्रपट सुरू होईपर्यंत ग्राहकाला आणखी काय विकत घ्यावे किंवा करावे लागते, ही दुसरी. पुढील रीत मुख्यतः या दोन प्रश्नांभोवती बांधलेली आहे.

ड्राइव्ह कोणासाठी आहे, ते आधी ठरवावे

नव्या फॉरमॅटची सुरुवातीची अडचण सर्वत्र सारखीच असते. प्लेअर घरोघरी नाहीत म्हणून स्टुडिओ मोजकेच चित्रपट काढतात, आणि चित्रपट मोजकेच आहेत म्हणून लोक प्लेअर घेत नाहीत. कन्सोल ही कोंडी फोडू शकतो, कारण त्याचे पैसे ग्राहकाने खेळासाठी मोजलेले असतात आणि चित्रपट पाहण्याची सोय त्याच्या घरात आयतीच येऊन पडते. मात्र हे घडण्यासाठी खेळालाही तीच डिस्क लागली पाहिजे. खेळाला ती लागत असेल, तर प्रत्येक कन्सोलमध्ये ड्राइव्ह असतोच. लागत नसेल, तर तो केवळ चित्रपटांसाठी केलेला जादा खर्च ठरतो, आणि खर्चकपातीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते.

म्हणून पहिले काम असे, की खेळ कोणत्या माध्यमावर येतात ते तपासावे. सोनीच्या प्लेस्टेशन २ चे अनेक खेळ डीव्हीडीवर येत होते. प्लेस्टेशन ३ चे डिस्कवरील खेळ ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या उच्च रिझोल्युशनच्या डिस्कवर येत होते, आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, तर दोन थरांत ५० जीबी माहिती मावत असल्याने त्या जागेचा उपयोग खेळ तयार करणाऱ्यांनाही होता. याउलट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चे खेळ शेवटपर्यंत डीव्हीडीवरच राहिले. त्याच्यासाठी नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला एचडी डीव्हीडी (ब्लू-रेचा प्रतिस्पर्धी फॉरमॅट) ड्राइव्ह बाहेरून जोडायचा होता आणि त्याचा उपयोग फक्त चित्रपटांसाठी होता. ज्याला चित्रपटांची आवड होती, त्यानेच तो घेतला. एवढ्या एका निरीक्षणावरूनही त्या ड्राइव्हच्या भवितव्याचा बराचसा अंदाज बांधता आला असता.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. डिस्क दिसायला तीच असली, तरी चित्रपट चालतीलच असे नाही. गेमक्यूबची ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क डीव्हीडीच्या तंत्रावरच बेतलेली होती, पण त्या यंत्रावर चित्रपट पाहता येत नसे. जपानमध्ये पॅनासोनिकने ‘क्यू’ नावाचे वेगळे यंत्र काढले, तेव्हा कुठे डीव्हीडी चित्रपट आणि गेमक्यूबचे खेळ एका पेटीत आले. वी यू या कन्सोलच्या डिस्कमध्ये २५ जीबी मावत असत, परंतु ब्लू-रे चित्रपट त्यावरही चालत नव्हते. चित्रपट दाखवण्यासाठी परवाना शुल्क भरावे लागते आणि त्यासाठीची प्रणालीही यंत्रात घालावी लागते. लेसर आहे म्हणजे चित्रपट चालतील, हा तर्क म्हणूनच फसवा आहे.

खोके उघडल्यावर काय काय लागते, ते लिहून काढावे

माझ्या मते या रीतीचा गाभा हाच आहे, आणि नेमके याच पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एका कोऱ्या कागदावर ग्राहकाची पहिली संध्याकाळ क्रमाने लिहावी. खोक्यात काय आहे, काय नाही, कोणती तार जोडायची, पडद्यावर काय विचारले जाते, आणि डिस्क आत सरकवल्यापासून चित्र दिसेपर्यंत किती ठिकाणी अडखळावे लागते, हे सर्व त्यात यावे. प्रत्येक अडखळीपाशी काही घरे गळतात.

प्लेस्टेशन २ चे उदाहरण घेऊ. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये आलेल्या पहिल्या यंत्रांत डीव्हीडी दाखवणारी प्रणाली मुळात नव्हती. ती सोबतच्या डिस्कवरून मेमरी कार्डवर चढवावी लागे आणि मग ते कार्ड जागेवर ठेवूनच चित्रपट पाहावा लागे. अमेरिकेत २६ ऑक्टोबर २००० रोजी आलेल्या यंत्रात ती प्रणाली आतच होती. चित्रपट थांबवणे, पुढे नेणे ही कामे खेळाच्या कंट्रोलरनेच करता येत. रिमोट हवा असल्यास तो वेगळा घ्यावा लागे, पण त्यावाचून काही अडत नसे. म्हणजे अमेरिकेतील ग्राहकाची पहिली संध्याकाळ एका ओळीत संपते: यंत्र टीव्हीला जोडले, डिस्क घातली, चित्रपट सुरू झाला.

आता हाच कागद नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी लिहून पाहावा. त्यातही डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण रिमोट आणि त्याचा संकेत पकडणारे छोटे जोडउपकरण यांचा संच विकत घेतल्याशिवाय चित्रपट चालत नव्हता. परवान्याचा भार अशा रीतीने ज्यांना चित्रपट हवे त्यांच्यावरच पडला, आणि कंपनीच्या हिशेबाने ते रास्तही असेल. फॉरमॅटच्या दृष्टीने मात्र त्यामुळे प्रत्येक घरात एक निर्णय शिल्लक राहिला: संच घ्यावा की न घ्यावा. असा निर्णय लोक पुढे ढकलतात, आणि ढकललेला निर्णय बहुधा घेतलाच जात नाही.

प्लेस्टेशन ३ च्या खोक्यातही एक मोठी अडखळ होती, आणि ती आज फारशी कोणाला आठवत नाही. यंत्रात एचडीएमआयची, म्हणजे उच्च रिझोल्युशनचे चित्र टीव्हीकडे नेणाऱ्या तारेची, जागा होती, परंतु सोबत एचडीएमआय केबल दिलेली नव्हती. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांची जुनी कंपोझिट केबल तेवढी मिळत असे. ती जोडून ब्लू-रे लावली, तर चित्रपट दिसे, पण साध्या रिझोल्युशनमध्ये. ज्या कारणासाठी ही डिस्क घ्यायची ते कारणच त्या तारेतून पुढे जात नसे. त्यातच कंट्रोलर ब्लूटूथवर चालणारा आणि यंत्राला इन्फ्रारेड संकेत पकडण्याची सोय नाही, त्यामुळे घरातला साधा रिमोट त्याला चालत नसे. तरीही एक गोष्ट जमेची होती. कंट्रोलरने चित्रपट चालवता येत होता आणि केबल ही किरकोळ खरेदी होती. यंत्र आधीच घरात आलेले असल्यामुळे ही अडखळ आज ना उद्या दूर होणारी होती.

पुढच्या यंत्रांमध्ये अडखळींचे स्वरूप बदलले. प्लेस्टेशन ४ वर डिस्कवरील चित्रपट पाहण्यासाठी सुरुवातीला एकदा इंटरनेटला जोडून ती सोय चालू करून घ्यावी लागे. एक्सबॉक्स वनवर ब्लू-रे पाहण्याचे ॲप आधी उतरवून घ्यावे लागे. काम काही मिनिटांचेच आहे. पण डिस्क घातल्यावर चित्रपटाऐवजी सूचना दिसते, तेव्हा यंत्र घेणाऱ्याच्या मनात चित्रपटाची जागा दुय्यम ठरते, आणि कागदावर त्याची नोंद झाली पाहिजे.

किंमत एकट्याने पाहू नये

कन्सोल महाग की स्वस्त, हा प्रश्न येथे उपयोगाचा नाही. त्याच दिवशी त्याच फॉरमॅटचा सर्वांत स्वस्त स्वतंत्र प्लेअर कितीला मिळत होता, हे शोधून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. अमेरिकेत जून २००६ मध्ये आलेला सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर सुमारे १००० डॉलरचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ आला तो ४९९ आणि ५९९ डॉलरना. खेळाचा कन्सोल म्हणून ही किंमत लोकांना जड वाटली आणि त्यावर भरपूर टीकाही झाली. पण ब्लू-रे प्लेअर म्हणून तेच यंत्र जवळपास निम्म्या दरात मिळत होते. सोनी ते यंत्र तोट्यात विकत होती आणि तो तोटा पुढे खेळांच्या विक्रीतून भरून काढण्याचा तिचा विचार होता. केवळ प्लेअर विकणाऱ्या कंपनीला असा तोटा सोसणे कठीण असते, कारण भरपाई करण्याची जागा तिच्याकडे नसते.

याच वेळची दुसरी बेरीजही करून पाहावी. हार्ड डिस्कसह एक्सबॉक्स ३६० होता ३९९ डॉलरचा आणि त्याचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह १९९ डॉलरचा. एकूण ५९८ डॉलर, म्हणजे प्लेस्टेशन ३ च्या महागड्या प्रकाराएवढेच. खर्च सारखा, तरी परिणाम अगदी वेगळा झाला. एकीकडे पैसे एकदाच आणि खेळासाठी द्यायचे होते. दुसरीकडे तेवढेच पैसे दोन हप्त्यांत द्यायचे होते, आणि दुसरा हप्ता केवळ चित्रपटांसाठी होता. किमतींची तुलना करताना रक्कम किती हे पाहावेच, पण ती किती वेळा आणि कोणत्या कारणासाठी खिशातून काढावी लागते, हेही पाहावे.

फॉरमॅटचे वय

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये विक्रीस आली. प्लेस्टेशन २ तेथे पोहोचला तेव्हा ती रांगत नव्हती, चालू लागली होती. त्यामुळे ‘प्लेस्टेशन २ ने डीव्हीडी यशस्वी केली’ हे सरसकट विधान मी कधी मान्य केलेले नाही. तिने आधीच धरलेला वेग त्याने वाढवला, आणि ज्या घरात स्वतंत्र प्लेअर कोणी घेतला नसता, विशेषतः तरुणांच्या खोल्यांत, तेथे ती पोहोचवली, एवढे खात्रीने म्हणता येते. ब्लू-रेची स्थिती निराळी होती. तो आणि प्लेस्टेशन ३ एकाच वर्षी आले, त्यामुळे सुरुवातीच्या ब्लू-रे यंत्रांत कन्सोलचाच वाटा मोठा राहिला. फॉरमॅट जितका कोवळा, तितका कन्सोलचा प्रभाव मोठा धरावा.

खपाच्या आकड्याला चाळणी लावावी

आता कुठे खपाचा आकडा हाती घ्यावा, आणि त्याला दोनदा चाळावे. विकलेल्या कन्सोलपैकी किती घरांत चित्रपट खरोखर पाहिले जातात, ही पहिली चाळणी. पाहणारे घर वर्षाला किती डिस्क विकत घेते, ही दुसरी. रीत समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. समजा, ५० लाख कन्सोल विकले गेले, त्यांपैकी चारांतील एका घरात चित्रपट पाहिले जातात आणि असे घर वर्षाला ३ डिस्क घेते. म्हणजे साडेसदतीस लाख डिस्क झाल्या. दुसरीकडे ५ लाख स्वतंत्र प्लेअर आहेत आणि ते घेणारे हौशी असल्याने प्रत्येकी १० डिस्क घेतात. त्यांच्या झाल्या ५० लाख. दरडोई पाहिले तर कन्सोलवाला अगदीच कमी भरतो, आणि एकूण बेरजेतही पहिल्या वर्षी मागेच आहे. पण पुढच्या वर्षी कन्सोलची संख्या दुप्पट झाली, तर त्याच्याच डिस्क ७५ लाख होतात. स्वतंत्र प्लेअरला तिथपर्यंत पोहोचायचे तर अडीच लाख नवे हौशी ग्राहक शोधावे लागतील.

हा वाद प्रत्यक्षातही झाला. एचडी डीव्हीडीच्या बाजूचे लोक सांगत, की प्लेस्टेशन ३ घेणारा खेळण्यासाठी घेतो, तर आमचा प्लेअर घेणारा चित्रपटांसाठीच घेतो, म्हणून यंत्रामागे आमच्या डिस्क जास्त खपतात. दरडोई हिशेबात त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु २००७ च्या अखेरीस जगभर गेलेल्या प्लेस्टेशन ३ ची संख्या एक कोटीच्या आसपास होती, आणि त्या वर्षी अमेरिकेत ब्लू-रे डिस्कचा खप एचडी डीव्हीडीच्या सुमारे दुप्पट राहिला. नोव्हेंबर २००७ मध्ये एचडी डीव्हीडीची मुख्य पाठीराखी कंपनी तोशिबा हिचा एक प्लेअर मोठ्या दुकानसाखळीत १०० डॉलरच्या आत विकला गेला, तरी कल उलटला नाही. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने फक्त ब्लू-रेवर चित्रपट काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या निकालाचे सर्व श्रेय कन्सोलला देणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होय. सोनीकडे स्वतःचा चित्रपट स्टुडिओ होता, डिस्ने आणि फॉक्स हे स्टुडिओ ब्लू-रेच्या बाजूने होते, आणि प्लेअर बनवणाऱ्या कंपन्यांचा पाठिंबाही त्या बाजूला अधिक होता. म्हणून कन्सोलचा अंदाज झाल्यावर स्टुडिओंची यादी मांडावी. कोणता स्टुडिओ एकाच बाजूला बांधलेला आहे आणि कोणता दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे, हे त्यातून कळते. कन्सोलच्या आकड्याचा दाब सर्वाधिक पडतो तो या दुसऱ्या प्रकारच्या स्टुडिओवर. वॉर्नर तसाच होता.

फॉरमॅटला कन्सोलबाहेर घर आहे का

ही पायरी गाळली, तर आधीची सर्व मेहनत फसू शकते. सोनीचाच हातात धरून खेळायचा प्लेस्टेशन पोर्टेबल घ्या. त्याची यूएमडी ही ६ सेंटिमीटर व्यासाची, १.८ जीबीची डिस्क खेळांसाठीही होती आणि चित्रपटांसाठीही. ड्राइव्ह प्रत्येक यंत्रात होता, वेगळे काही घ्यावे लागत नव्हते, यंत्र कोट्यवधींनी खपले. वरच्या सर्व कसोट्यांवर ती उतरते. तरी २००५ मध्ये जोरात सुरू झालेले यूएमडी चित्रपट पुढच्याच वर्षी स्टुडिओ आवरते घेऊ लागले.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ती डिस्क दुसऱ्या कोणत्याही प्लेअरमध्ये चालत नव्हती. २००७ मध्ये नवे मॉडेल येईपर्यंत यंत्रावरील चित्र टीव्हीवर नेता येत नव्हते. किंमत मात्र डीव्हीडीच्या जवळपास होती, आणि डीव्हीडी घरातल्या टीव्हीवर, संगणकावर, मित्राकडे, कुठेही चालत होती. कन्सोल फॉरमॅटला दारापर्यंत आणून सोडतो. घरात फिरण्यासाठी त्याला इतर यंत्रांची सोबत लागते. त्यामुळे स्वतंत्र प्लेअर किमान तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत की नाही, हे पाहिल्याशिवाय अंदाज पक्का करू नये.

यंत्र पुढे सुधारता येते का, हेही याच वेळी तपासून घ्यावे. ब्लू-रेच्या नियमांत काळानुसार नव्या सोयी जोडल्या गेल्या. सुरुवातीच्या अनेक स्वतंत्र प्लेअरना त्या कधीच मिळाल्या नाहीत. प्लेस्टेशन ३ ला मात्र त्या नव्या सॉफ्टवेअरने मिळत गेल्या, इतक्या की २०१० मध्ये ते यंत्र त्रिमितीय ब्लू-रेही दाखवू लागले. आधी आणलेला कन्सोल जुना होत नाही, हा विश्वास डिस्क घेणाऱ्याला फार मोलाचा वाटतो.

आजच्या यंत्रांना ही रीत लावून पाहताना

ब्लू-रेपेक्षाही अधिक रिझोल्युशनचा ४के ब्लू-रे २०१६ च्या सुरुवातीला आला. सॅमसंगचा पहिला प्लेअर ३९९ डॉलरचा होता, आणि त्याच वर्षी आलेला एक्सबॉक्स वन एस २९९ डॉलरपासून मिळत होता. किमतीच्या कसोटीवर तो उत्तम उतरतो. पण पहिली कसोटी लावली की चित्र बदलते. त्या यंत्राच्या खेळांना ४के डिस्क लागतच नव्हती. सोनीला तर तिची गरज इतकी कमी वाटली, की त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये तिने हा ड्राइव्ह घातलाच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ चे खेळ या जातीच्या, १०० जीबीपर्यंतच्या डिस्कवर येऊ लागले, तेव्हा ती कसोटी प्रथमच पूर्ण झाली. परंतु तोवर फॉरमॅट साडेचार वर्षांचा झाला होता, आणि त्याच दिवशी ड्राइव्ह नसलेला प्रकार १०० डॉलर कमी किमतीत शेजारच्याच फळीवर होता. २०२३ च्या सडपातळ मॉडेलमध्ये ड्राइव्ह काढता-घालता येणारा झाला, २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तो वेगळाच घ्यावा लागतो, आणि तो बसवल्यावर इंटरनेटवरून यंत्राशी जुळवूनही घ्यावा लागतो.

एक्सबॉक्स ३६० च्या त्या १९९ डॉलरच्या जोडड्राइव्हशी हे चित्र ताडून पाहावे. दुसरा हप्ता पुन्हा आला आहे आणि तो पुन्हा ग्राहकाच्या निवडीवर सोडला आहे. शिवाय खेळ डिस्कवरून आतील साठवणीत उतरवूनच खेळले जातात, आणि थेट इंटरनेटवरून उतरवता येत असल्याने खेळाला डिस्कची गरज वर्षागणिक कमी होत आहे. चित्रपटांबाबतही कन्सोलने स्वतःच दुसरी वाट उघडून दिली: नेटफ्लिक्स एक्सबॉक्स ३६० वर २००८ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ वर २००९ मध्ये पोहोचले होते. त्यामुळे ४के डिस्क घेणाऱ्या संग्राहकाने कन्सोलच्या खपावर विसंबू नये. स्वतंत्र प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या किती उरल्या आहेत आणि छोटे प्रकाशक वर्षाला किती शीर्षके काढत आहेत, यांवर नजर ठेवावी. छोट्या प्रकाशकानेही पहिली छपाई हौशी ग्राहकांच्या संख्येवर बेतावी, आणि कन्सोलमुळे येणारी मागणी हिशेबात धरायचीच असेल, तर ड्राइव्हसह विकलेली यंत्रे वेगळी मोजून तेवढीच धरावी.